परतीच्या गाडीपासून सुरुवात करा: जर्मनीतला शनिवार-रविवार आणि सोलापूरची शिदोरी

सोलापुरात रविवारची सहल ठरायला एक फोन पुरतो. "काय बे, येतो का तुळजापूरला?" एवढं विचारलं की अर्ध्या तासात मंडळी बाहेर पडतात. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आसपास, नळदुर्गचा किल्ला पन्नासेक. वाटेत भूक लागली तर ढाबा आहे, उशीर झाला तर एसटी आहे, एसटी चुकली तर वडाप आहे. परत कसं यायचं हे निघताना कुणी विचारत नाही, कारण विचारायची वेळच येत नाही.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींची सहल नेमकी इथेच फसते. सकाळी उत्साहात निघणं सगळ्यांना जमतं. संध्याकाळी डोंगरातल्या लहानशा स्टेशनावर उभं राहिल्यावर कळतं, की शेवटची गाडी गेली, पुढची उद्या सकाळी. वडाप नाही, टपरी नाही, प्लॅटफॉर्मवर माणूस नाही. म्हणून तिकडच्या सहलीचा आराखडा शेवटाकडून मांडायचा. आधी परतीची शेवटची गाडी बघायची, तिच्या आधीची एक गाडी आपली धरायची आणि तिथून मागे मागे येत सकाळी घराबाहेर पडायची वेळ काढायची. शेवटची गाडी राखीव ठेवायची, तिच्यावर बेत आखायचा नाही.

उदाहरण घेऊ. म्युनिकहून क्योनिगझे हा बव्हेरिया या दक्षिणेकडच्या राज्याच्या कोपऱ्यातला तलाव. दोन्ही बाजूंनी कडे, मधे हिरवट पाणी आणि त्यावर विजेवर चालणाऱ्या बोटी. या बोटी १९०९ पासून विजेवरच चालतात, म्हणून पाण्यात तेल नाही आणि कानाला इंजिनाचा आवाज नाही. बोटीतला माणूस मधेच बोट थांबवून कड्याकडे तोंड करून तुतारीसारखं वाद्य वाजवतो आणि कडा ते परत वाजवून दाखवतो. एवढ्यासाठीसुद्धा जावं अशी जागा आहे. म्युनिकहून फ्राइलासिंग, तिथे गाडी बदलून बेर्श्तेसगाडेन, पुढे बस. एकूण तीन तासांच्या आसपास.

आता उलटी मांडणी. समजा बेर्श्तेसगाडेनहून ७ ची गाडी आपण धरली. स्टेशनावर ६.४० ला पोचायचं. बस दहा-पंधरा मिनिटांचीच आहे, पण उन्हाळ्यातल्या रविवारी पहिली बस भरून जाते, म्हणून बसथांब्यावर ६ ला. धक्क्यापासून थांब्यापर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे बोटीतून ५.४५ ला उतरायला हवं. सांक्ट बार्थोलोमे या लाल घुमटांच्या चर्चपासून परतीची बोट ३५ मिनिटं घेते, म्हणजे ती ५.१० ला सुटायला हवी. आणि तिथे रांग असते. चांगल्या हवेच्या रविवारी रांगेला ४० मिनिटं धरा. म्हणजे ७ ची गाडी पकडायची तर ४.३० ला रांगेत उभं राहायचं आहे. अडीच तास आधी! हे गणित न केलेला गट पाच वाजेपर्यंत निवांत गवतावर पहुडलेला असतो, आणि मग सगळं अंगावर येतं. तलावाच्या काठाकाठाने पायी परत येऊ असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. कडे थेट पाण्यात उतरतात, काठाने वाट नाही. बोट हाच रस्ता, म्हणून शेवटच्या बोटीची वेळ तिकीट काढतानाच खिडकीवरच्या पाटीवरून फोनमध्ये टिपून घ्यायची.

तिकिटांचं आता पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालंय. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेलं डॉइचलांड-टिकेट हे महिन्याचं तिकीट जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. तरी महिन्यातून दोन सहली आणि रोजचा प्रवास धरला तर ते वसूल होतंच. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सवलतीत, सेमिस्टरच्या पैशांतच मिळतं. देशभरातल्या लोकल, ट्राम, शहरबस आणि प्रादेशिक गाड्यांना ते चालतं. प्रादेशिक म्हणजे गाडीच्या नावाआधी आरई, आरबी किंवा एस असं असेल ती. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. चूक होते ती इथे: दोन्ही गाड्या एकाच फलाटावरून दहा मिनिटांच्या अंतराने सुटतात, आणि गप्पांच्या नादात गट आधी आलेल्या गाडीत चढतो. तपासनीस आला की माणशी ६० युरो जाऊ शकतात, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये फक्त स्थानिक गाड्या दाखवण्याची खूण असते. शोध घेण्याआधी ती चालू करा. तिथेच गाडी बदलायला किमान किती वेळ हवा हेही ठरवता येतं. अ‍ॅप स्वतःहून अगदी थोड्या मिनिटांची बदली दाखवतं. पाच माणसं, एक पिशवी आणि अनोळखी स्टेशन असेल तर ती १५ करा.

हे तिकीट ज्याच्या नावावर, त्यालाच चालतं. मित्राला फोन देऊन पाठवता येत नाही. ओळखपत्रासोबतच ते ग्राह्य. वर्गणी दरमहा आपोआप पुढे चालू राहते आणि बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. सुट्टीत सोलापूरला येणार असाल तर ही १० तारीख लक्षात ठेवा, नाहीतर घरी बसून महिन्याचं भाडं जातं.

ज्यांच्याकडे हे मासिक तिकीट नाही त्यांच्यासाठी गटाचं दिवसाचं तिकीट आहे. बव्हेरियात बायर्न-टिकेट, सगळ्या देशासाठी क्वेअर-डुर्श्स-लांड-टिकेट. दोन्ही पाच जणांपर्यंत चालतात आणि प्रादेशिक गाड्यांतच चालतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडेथोडे वाढत जातात, म्हणून पाच जण झाले की माणशी खर्च एकदम उतरतो. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. चौघांचं काढलं आणि पाचवा स्टेशनावर ऐनवेळी उगवला तर त्याला त्या तिकिटात घेता येत नाही, त्याचं वेगळं काढावं लागतं.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की तिकडच्या सहलीला पाच ही खरी संख्या. तिकीट पाचांचं, भाड्याची मोटार पाचांची, हॉटेलात टेबल सहज मिळतं. सहावा आला की दुसरं तिकीट, दुसरी गाडी आणि दोन गटांत चुकामूक. सात-आठ जण असाल तर सरळ दोन गट करा, प्रत्येक गटात एकाच्या फोनवर तिकिटं आणि दुसऱ्याच्या फोनवर त्यांची प्रत ठेवा. सोलापूरचा गट असेल तर घरी एक तेलुगू, एक कन्नड आणि मराठी सगळ्यांनाच, अशी वाटणी बहुधा असतेच. तेलुगू-कन्नड बोलणारे विद्यार्थी जर्मनीत जागोजागी भेटतात, आणि अशा ओळखीतूनच पाचवा गडी सापडतो.

गाडीत बसल्यावर काम संपलं असं समजू नका. दक्षिण जर्मनीत बऱ्याच गाड्या वाटेत तुटतात. म्युनिकहून डोंगराकडे जाणारी गाडी होल्त्सकिर्शेनला दुभंगते. एक भाग बायरिशझेलकडे जातो, उरलेला पुढे शाफ्टलाखला पुन्हा दुभंगून एक लेंगग्रीसला आणि एक टेगर्नझे या तलावाला. म्हणजे एकाच गाडीत तीन गाड्या. तलावावर जायचं म्हणून निघालेले लोक दुसऱ्याच दरीत उतरतात ते यामुळे. डब्याच्या दारावर आणि आतल्या पडद्यावर त्या भागाचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. चढताना ते वाचायचं. गर्दीत दोघे पुढच्या डब्यात आणि तिघे मागच्या डब्यात शिरले तर गाडी तुटायच्या आधीच्या स्टेशनावर एकत्र या. जर्मन घोषणेत "त्सुगटाइलुंग" हा शब्द ऐकू आला की कान टवकारा. गाडी तुटणार आहे.

दुसरा शब्द "शीनेनएर्झात्सफेरकेअर", पाटीवर त्याचं लघुरूप एसईव्ही. रूळांचं काम चालू आहे, मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस. ही कामं मुद्दाम शनिवार-रविवारी आणि सुट्टीत काढतात, म्हणजे नेमकी सहलीच्या दिवशी. बस रेल्वेपेक्षा सावकाश जाते आणि तिचा थांबा स्टेशनाच्या दारात असेलच असं नाही. कधी मागच्या गल्लीत असतो. आठवड्याच्या सुरुवातीला मार्ग पाहून ठेवला असेल तरी शुक्रवारी रात्री पुन्हा एकदा बघा.

शेजारच्या देशात जायचं असेल तर थोड्या युक्त्या आहेत. डॉइचलांड-टिकेट साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, म्हणजे ऑस्ट्रियातलं एक अख्खं सुंदर शहर वेगळं भाडं न देता. स्वित्झर्लंडच्या दिशेला बाझेलच्या बाडिशर स्टेशनापर्यंत चालतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जायचं तर जर्मनीच्या टोकाला केल नावाचं गाव आहे तिथपर्यंत या तिकिटावर जा. २०१७ पासून स्ट्रासबुर्गची डी ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडून केलपर्यंत येते, तिचं साधं तिकीट काढा. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून देशातली बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, पाहुण्यांनाही.

पण सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही खिशात हवीत. फोनमधला फोटो चालत नाही. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आता २९ देश आहेत आणि जर्मनीच्या परवान्यावर बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, हे खरं. तरी सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. साल्झबुर्गहून परतताना पोलीस गाडीत चढून कागद मागू शकतात. कार्डाचं नूतनीकरण चालू असेल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी विचारून घेतल्याशिवाय देशाबाहेरची सहल ठरवूच नका. देशात बघण्यासारखं भरपूर आहे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. "युरोपातच आहे की" म्हणून तिकीट काढून बसणारे दर वर्षी सापडतात.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. या फरकाचा फटका दोन ठिकाणी बसतो. एक फोन: २०१७ पासून संघातल्या देशांत घरच्याच दरात इंटरनेट चालतं, स्वित्झर्लंडला तो नियम लागू नाही. काही कंपन्या आपणहून ती सोय देतात, काही नाही. सीमेआधी रोमिंग बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. दुसरी गोष्ट विम्याची, आणि ती गंभीर आहे. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड छापलेलं असतं. पण भारतासारख्या संघाबाहेरच्या देशाच्या नागरिकाला ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन इथे उपचारासाठी वापरता येत नाही. बर्फावर पाय मोडला तर तिथलं बिल तुमचं. या पाच देशांत जाताना प्रवासी आरोग्य विमा काढूनच जा. त्याचा वार्षिक हप्ता बाहेरच्या एका जेवणापेक्षा फार नसतो.

आता खाण्याकडे येऊ, कारण सहलीचा निम्मा जीव शिदोरीत असतो आणि तिथे आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. सगळी. मोठ्या रेल्वे स्टेशनांतलं किराणा दुकान, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी एवढंच उघडं. डोंगरातल्या गावात तेही नाही. त्यामुळे रविवारची शिदोरी शनिवारी संध्याकाळच्या आत तयार हवी, आणि प्रवासात टिकण्यासाठीच जन्माला आलेला पदार्थ आपल्याकडे आहे: कडक भाकरी. तिच्यात पाणी नाही, म्हणून ती विटत नाही. फ्रिज नको, गरम करायला नको. पाव दुपारपर्यंत चामट होतो, पोळी घामाघूम होते, कडक भाकरी संध्याकाळी सकाळसारखीच कुडकुडीत.

घरून नेली असेल तर उत्तम. तिथे करायची तर भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणा. जुनं पीठ भाकरी मोडतं, म्हणून पाकिटावरची तारीख बघा आणि लहान पाकीट घ्या. पाणी उकळतं हवं. पीठ त्यात भिजवून जरा निवलं की चांगलं मळायचं. नेहमीपेक्षा पातळ थापायची. दोन्ही बाजू भाजल्यावर तिथेच थांबायचं नाही. आच एकदम मंद करून तव्यावर कापडाने दाबत, फिरवत राहायचं, आतला ओलावा जाईपर्यंत. तिकडच्या काचेच्या विजेच्या शेगडीवर आच हळू उतरते, म्हणून एक घर आधीच मंद चालू ठेवा आणि तवा तिकडे सरकवा. भाकरी मधे लवचिक राहिली तर ती टिकणार नाही. पूर्ण गार होऊ द्या, मग कागदात गुंडाळून पत्र्याच्या चपट्या डब्यात उभ्या रचा. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात कोमट भाकरी गुंडाळली की वाफ आत अडकते आणि सगळी मेहनत मऊ पडते.

शेंगा चटणीसाठी पाव किलो शेंगदाणे ओव्हनमध्ये १६०-१७० अंशांवर पंधरा मिनिटं, मधे एकदा हलवून. गार झाल्यावर सालं काढा. लसणाच्या १२-१५ पाकळ्या, दोन मोठे चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, मीठ. आपल्याकडे ही चटणी कुटतात, त्यामुळे दाण्याचं तेल सुटून ती ओलसर, गुठळीची होते. मिक्सरमध्ये करायची तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि दर वेळी चमच्याने खालचं वर करा. सलग फिरवलं की लोणी होतं. खलबत्ता असेल तर शेवटचा हात खलबत्त्यातच. आणि हे सगळं करताना खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघराचं दार बंद. तिखटाचा खाट उठला की वसतिगृहातला धूरसूचक वाजतो, आणि तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असेल तर बंब येतो आणि खर्च मागितला जाऊ शकतो.

पाच जणांना दिवसभरासाठी १० कडक भाकऱ्या, १५० ग्रॅम चटणी, शनिवारी घेतलेला दह्याचा एक किलोचा डबा, ३ काकड्या, २ कांदे पुरतात. दही गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा. दुपारी दही गार आणि बाटलीत प्यायला पाणी. जर्मन मित्रमैत्रिणी सोबत असतील तर चटणीचा डबा उघडण्याआधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का हे स्पष्ट विचारा. तिकडे हा प्रश्न विचारणं अगदी सामान्य आहे, आणि काहींना एका दाण्यानेही श्वास कोंडतो. तसं कुणी असेल तर त्या दिवशी डबा बंदच राहू द्या, जवस किंवा कारळ्याची चटणी न्या, आणि तीही दाणे न शिवलेल्या भांड्यात केलेली.

सोलापूरहून नेताना कायदा माहीत असावा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा सगळं त्यात आलं. शेंगा चटणी आणि भाकरी त्या बंदीत येत नाहीत. ताजी फळं-भाज्यांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, सुटका फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांची. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या आईने कितीही प्रेमाने बांधून दिल्या तरी विमानतळावर टोपलीत जातात. चटणी मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत बांधून. सोबत एक सोलापुरी चादर न्या. गवतावर अंथरायला आणि परतीच्या गाडीत पांघरायला तीच, आणि धुतली की पुन्हा नवी.

पाण्यासाठी बाटली घरूनच भरा. नळाचं पाणी पिण्याचंच असतं. कारंज्यावर "काइन ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या चेंगरू नका, खूण वाचता आली नाही तर बाटल्या परत घेऊन अनामत देणारं यंत्र त्या घेत नाही. आणि ते यंत्र दुकानात असतं, म्हणजे रविवारी बंद. बाटल्या सोमवारपर्यंत सांभाळायच्या. स्टेशनातल्या स्वच्छतागृहासाठी ५० सेंट आणि एक युरोची नाणी वेगळी ठेवा. गाडीतलं मोफत असतं, उतरायच्या आधी जाऊन या.

डोंगरात चालायला जायचं तर सोलापूरच्या सपाटीचा अंदाज विसरा. आपल्याकडे १० किलोमीटर म्हणजे दोन-सव्वादोन तास. तिकडे चढ-उताराचा हिशेब वेगळा होतो. सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढताना तासाला ३०० मीटर उंची, उतरताना ५००. सपाटीचा वेळ एकीकडे आणि चढ-उताराचा दुसरीकडे काढायचा. जो मोठा तो पूर्ण आणि जो छोटा त्याचा निम्मा, यांची बेरीज. १० किलोमीटर, ६०० मीटर चढ आणि तेवढाच उतार असेल तर सपाटीचे अडीच तास, चढाचे दोन, उताराचा एक तास बारा मिनिटं. तीन तास बारा मिनिटं अधिक सव्वा तास, म्हणजे जवळजवळ साडेचार तास. वाटेतल्या पिवळ्या पाट्यांवरची वेळही अशीच, विश्रांती न धरता. जेवण आणि फोटोंसाठी दीड तास वर टाका. पुन्हा सगळं परतीच्या गाडीपासून मागे मोजा.

बव्हेरियाच्या डोंगरात वाटांना निळा, लाल, काळा असे रंग असतात. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. पहिल्या काही सहली निळ्यावरच करा. रंग बदलतो तो रस्ता अरुंद आणि घसरडा होतो म्हणून. मे महिन्यात खाली फुलं असतात, पण उत्तरेकडच्या उतारावर जूनपर्यंत बर्फ राहतो आणि तिथे साधे बूट सरळ खाली नेतात. उन्हाळ्यात वीज-पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून माथा दुपारच्या आत गाठून खाली निघायचं. सुती बनियन घामाने भिजला की माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. कोरडा एक पिशवीत ठेवा. मदतीचा क्रमांक सगळ्या युरोपात ११२. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा विजेरीचे सहा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा. नेहमी डोंगरात जाणार असाल तर १८६९ मध्ये म्युनिकला स्थापन झालेल्या जर्मन आल्प्स संघटनेचं सदस्य व्हा. सदस्यत्वात बचावकार्याचा विमा येतो, आणि हेलिकॉप्टरचं बिल विद्यार्थ्याला झेपणारं नसतं.

डोंगर नको तर ड्रेस्डेनजवळ बास्टाय बघा. ड्रेस्डेनहून एस-१ लोकलने कुरोर्ट राथेन, समोर एल्ब नदी फेरीबोटीने ओलांडायची आणि पायऱ्यांची वाट चढायची. वर वालुकाश्माच्या सुळक्यांना जोडणारा १८५१ चा दगडी पूल, नदीपासून जवळपास २०० मीटर उंच. सकाळी ९ च्या आत पोचलात तर पूल तुमचा. ११ नंतर मोटारींनी आलेली गर्दी असते.

हिवाळ्यात सगळी वेळापत्रकं आखडतात. सोलापुरात उन्हाळा-हिवाळ्यातल्या सूर्यास्तात तासाभराचाच फरक. म्युनिकला जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो आणि डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला. बर्लिनला तर डिसेंबरात चार वाजायच्या आधीच. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोंगर सोडा, शहरं आणि नाताळचे बाजार धरा. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट १४३४ पासूनचा आहे. बाजारात गरम पेयाच्या कपावर अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. ज्या टपरीवर घेतला तिथेच द्या, कारण दर टपरीचा कप वेगळा असू शकतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. मार्चमध्ये रात्री २ चे थेट ३ होतात. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ नाही, आणि त्या रविवारी सकाळी एक तरी गडी तास उशिरा येतो.

स्वस्त विमानाने दोन दिवस कुठे जायचं म्हणाल तर आधी विमानतळ नकाशावर बघा. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे शहरापासून ८० किलोमीटरहून जास्त दूर आहे, म्युनिकच्या नावाचं मेमिंगेन ११० च्या आसपास. सोलापूर म्हणून कलबुर्गीला उतरवल्यासारखं. बसचं भाडं आणि जाण्यायेण्याचे तीन-चार तास मिळवले की शनिवार-रविवारसाठी रेल्वेच बरी पडते.

पैशांचा हिशेब त्याच दिवशी, परतीच्या गाडीत मिटवा. एकाने तिकिटं, एकाने किराणा, एकाने बोट असं वाटून घ्या आणि पावत्यांचे फोटो गटात टाका. आठवड्यावर गेलेला हिशेब मैत्रीला लागतो.

घरी फोनही त्याच गाडीतून. उन्हाळ्यात सोलापूर साडेतीन तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेचार. सातची गाडी म्हणजे घरी साडेदहा, आई-बाबा झोपायच्या तयारीत. बोटीच्या रांगेत साडेचारला उभे असाल तेव्हा घरी आठ वाजलेले असतात आणि जेवणं व्हायची असतात. रांगेतली ती ४० मिनिटं फोनलाच द्या. मागे डोंगर आणि पाणी आहे, व्हिडिओ लावा.